सासूबाईंची न दुखणारी पाठ

पेण आणि रोहे या दोन्ही तालुक्यांतील समस्त पाठदुखीग्रस्त, मानदुखीग्रस्त आणि विनाकारण चौकशी करणाऱ्या जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या सासूबाईंच्या पाठीला काहीही झालेले नाही. पूर्वीही झाले नव्हते. तरी कृपया कोणीही बाजारात त्यांना थांबवून "आता कसं वाटतंय?" असे विचारू नये, कारण त्या "तुमच्या कृपेनं उभी हाय" असे उत्तर देऊन माझ्याकडे बघतात.

हे निवेदन मी बाईंच्या सांगण्यावरून करते आहे. बाई म्हणजे माझ्या मालकीणबाई. माजी मालकीणबाई म्हणायला हवं, पण जीभ अजून तिथे अडते. पेणला त्यांचं बायकांसाठी मालिशकेंद्र आहे: दोन खोल्या, दोन टेबलं आणि निर्गुडीच्या तेलाचा वास. तो वास रोह्याच्या एसटीत मी शेजारी बसले की माझ्याआधी लोकांना कळायचा. लग्नानंतर काही वर्षांनी मी तिथे टॉवेल धुवायला लागले. बाईंनी मला टॉवेलांपासून तेलापर्यंत आणि तेलापासून टेबलापर्यंत नेलं. कुठे दाबायचं, कुठे नुसता हात ठेवून थांबायचं, हे सगळं त्यांचं. माझे आहेत ते फक्त हात.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. तेल मुरायला लागलं की बाईमाणसाची जीभ सुटते. तोंड खाली, डोळे मिटलेले, समोर कोणी नाही. मग आतलं बाहेर येतं. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणाऱ्या बायका मान आखडली की यायच्या आणि पाचव्या मिनिटाला नवऱ्याचं, दहाव्या मिनिटाला नणंदेचं सांगून मोकळ्या व्हायच्या. "टेबलावरचं टेबलावर," एवढाच बाईंचा नियम.

तर स्वतःचं काम सुरू करावं असं माझ्या डोक्यात आलं ते गुडघ्यांमुळे. रोज रोहे ते पेण, पेण ते रोहे. रोह्यातल्याच एका ब्युटी पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, "नोकरी नको, पगार नको. माझ्याकडे गिऱ्हाईक आलं की तुला फोन करीन. बाकी वेळ तुझा तू." घरच्या घरीही बोलावणी येत होती. मी एक घडीचं टेबल घेतलं आणि कपाटामागे दडवलं. नवरा म्हणाला, "आधी बाईंना सांग, मग टेबल लपव." तो कधीकधी शहाण्यासारखं बोलतो, त्याकडे मी सहसा दुर्लक्ष करते.

बाईंना सांगायला गेले ते भाषण पाठ करून. त्या गरम पाण्यात तेलाची वाटी ठेवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बोल." आणि पाठ केलेलं अख्खं भाषण मी विसरले. मग तोंडातून जे फुटलं ते असं: "सासूबाईंची पाठ गेली."

बाईंनी वाटी खाली ठेवली. "कुठे? कंबरेत का वर?"

चोराला पोलिसाने विचारावं "कोणत्या खिडकीतून?" तसं झालं. मी म्हणाले, "उजवीकडे. खाली. पायात कळ जाते."

"मग तू घरीच राहा. माझं मी बघते." आणि तेलाची एक बाटली कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या ओट्यावर बसल्या होत्या. अख्खा बाजार पायी फिरून आलेल्या, पाठ अशी ताठ की भिंतीला टेकायचा प्रश्नच नव्हता. हसून हसून पदर तोंडाला लावला. "तुझ्या सासऱ्याला जन्मभर जमलं नाय गो, ते तू एका वाक्यात केलंस! मोडलीस माझी पाठ!"

बाईंचा फोन यायचा. दर फोनला मी सासूबाईंना थोडं बरं करायची, आणि "मग कधी येतेस?" असं विचारलं की पुन्हा पाडायची. एव्हाना त्या एकदा मोरीत घसरल्या होत्या, एकदा शिंकल्यावर लचकल्या होत्या. इकडे माझं काम झकास चाललेलं. मी स्वतःची मालकीण झाले होते आणि मालकीण म्हणून फार कडक निघाले. रजा मागितली तर स्वतःलाच देईना. फोन वाजला की जेवणावरून उठायचं, कारण आज नाही म्हटलं तर उद्या दुसरीला बोलावतील. नोकरीत दमले तर बाई म्हणायच्या, "बस जरा, चहा घे." आता तसं म्हणणारं कोणी नव्हतं.

मग पेणहूनच बोलावणं आलं. बाईंकडे येणारी, मूर्ती रंगवणारी एक बाई. माझ्या कामाचं तिला कुठूनसं कळलं होतं, बाईंना सांगणार नाही म्हणाली. नाही म्हणायला हवं होतं. मी स्कार्फने डोळ्यांपर्यंत तोंड गुंडाळलं, पेणला उतरले आणि बाईंची गल्ली टाळायला अख्ख्या गावाला वळसा घालून गेले. एक कुत्रं तेवढं ओळखीचं निघालं. ते शेपूट हलवत दारापर्यंत आलं.

ती बाई तोंड खाली करून पडली आणि पाचव्या मिनिटाला म्हणाली, "बाईंकडं मजा नाय आता. अंगठा सुजलाय त्यांचा. दाबताना ओठ चावतात. पण तुझं नाव नाय काढत हां! उलट सांगतात सगळ्यांना, पोरगी सासूची सेवा करते म्हणून."

माझे हात थांबले. बाईंचा उजवा अंगठा माझ्या डोळ्यांसमोर कधीपासून दुखत होता. म्हणून तर जोराचं काम माझ्याकडे आलं होतं. तोच अंगठा हल्ली दर सोमवारी माझ्या हातात असतो, आणि बाई ओरडतात की हळू गं, तो काही सुरण नाही. पण त्या दिवशी मला तो कोणाच्या तरी पाठीवर एकटाच दाबत असलेला दिसत राहिला. परतीच्या एसटीत स्कार्फ सोडायचंही सुचलं नाही. उद्या फोन करते, खरं सांगते, असं ठरवलं. उद्या झाला, परवा झाला.

आणि एका दुपारी फोन आला. "मी रोह्याच्या स्टँडवर उतरलेय. रिक्षावाल्याला काय सांगू?"

सासूबाई बिरड्यासाठी वाल सोलत बसल्या होत्या. मी धावत गेले. "आई, आडव्या व्हा!"

"कशाला?"

"बाई आल्या!"

"मंग वाल कोण सोलील?" असं म्हणत त्या वालाच्या ताटासकट खाटेवर चढल्या आणि पांघरूण ओढून कण्हायला लागल्या. बाई अजून स्टँडवर होत्या. मी म्हटलं, "आत्ता नको." म्हणाल्या, "सराव करते गो."

मी मालिशच्या टेबलावर जुनी साडी टाकली. अंगणातले टॉवेल काढायला धावले तोवर रिक्षा दारात. बाई उतरल्या. हातात तेलाची नवी बाटली, अंगठ्याला पट्टी. त्यांनी दोरीवरच्या टॉवेलांकडे पाहिलं. सगळे पांढरे, सगळे एका मापाचे.

"एवढे टॉवेल?"

"आईंना घाम फार येतो."

"हं," बाई म्हणाल्या. आत आल्या, साडी नेसलेल्या टेबलाला वळसा घातला, हात धुतले. "तेल गरम कर."

मी गरम पाण्यात वाटी ठेवली, मनगटावर थेंब टाकून पाहिला, पुढे केली. इतक्या वर्षांची सवय. हातांना कुठे माहीत होतं की आम्ही आता वेगळ्या झालोय. बाईंनी सासूबाईंना पालथं झोपवलं. सासूबाई डाव्या बाजूला हात लावताच मोठ्याने कण्हल्या. मी डोळे वटारले.

"उजवीकडे ना?" बाईंनी विचारलं.

"व्हय, तितंबी."

अंगठा न लावता, तळहाताने, मग कोपराने, बाई हळूहळू खाली येत राहिल्या. एकदा चुकून अंगठा टेकला आणि त्यांनी ओठ चावला. मी पुढे झाले. "बाई, मी करते."

"तू थांब. रोज तूच करतेस ना? दमली असशील."

रोज? धंदा सुरू केल्यापासून मी गावभरच्या पाठी चोळत होते. या एका पाठीला, जिच्या नावावर मी एवढं मोठं खोटं उभं केलं, मी एकदाही हात लावला नव्हता. बाईंनी दिलेल्या बाटलीचं बूचसुद्धा काढलं नव्हतं. ती समोरच्या फळीवर, कागदात तशीच गुंडाळलेली. बाईंची नजर तिच्यावर गेली, मग माझ्यावर आली. मी खाली बघितलं. बाईंचा हात चालूच होता.

सासूबाईंचं कण्हणं थांबलं होतं. खांदे सैल पडले, श्वास लांब झाला. ते लक्षण मी ओळखते. तेल मुरायला लागलं होतं. मी घाईघाईने म्हटलं, "आई, चहा टाकू?" पण उशीर झाला होता. उशीत तोंड खुपसून, अगदी तृप्त आवाजात, सासूबाई बोलून गेल्या:

"बाई, माझं काय बी दुखत नाय हो! हिला सोताचं काम काढायचं होतं, तुमच्यापुढं तोंड उघडायला घाबरली, म्हणून मला आडवी केली. पण तुमी हात थांबवू नका, तितं जरा खाली खरंच दुखतंय!"