अण्णांची चिखलगाडी

मोशीतल्या त्या घराच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा गेले, तेव्हा मला भिंतीवर झाऱ्याची सावली दिसली. झारा मात्र कुठेच नव्हता. जवळ जाऊन पाहिलं तर ती काळ्या रंगाने रंगवलेली आकृती होती. शेजारी पळीची, उलथण्याची, किसणीची अशा आकृत्या ओळीने होत्या आणि ज्याच्या त्याच्या आकृतीवर ती ती वस्तू खिळ्याला लटकत होती. काकूंनी धुतलेला झारा आणून त्याच्या सावलीवर अडकवला आणि मला म्हणाल्या, "बघतीस काय? आमच्या घरात झारा हरवला तर भिंत चहाडी करती."

ही सगळी अण्णांची करणी. अण्णा माझे घरमालक, काकू त्यांची बायको. भोसरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला असतो, म्हणजे शिफ्ट संपताना कुठला पाना परत आला नाही हे एका नजरेत कळतं. निवृत्त झाल्यावर अण्णांनी हा रिवाज घरी आणला. चष्म्याला जागा, कात्रीला जागा, टीव्हीच्या रिमोटला जागा. मी वरची खोली भाड्याने घेतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघाले तर ओसरीत काकूंच्या चपलांच्या आकृतीशेजारी दोन नवे आकार रंगवलेले होते. माझ्याच चपलांच्या मापाचे.

"पाय नको ठिवू, रंग वला हाय," अण्णा आतून ओरडले. मग बाहेर येऊन म्हणाले, "वस्तूला घर पायजे पोरी. मग मानसाला शोधत फिरावं लागत न्हाई."

मी लातूरकडच्या एका तालुक्याच्या गावातून आलेली. वडील बाजार समितीत हमाली करायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून लागले होते आणि या शहरात माझं म्हणावं असं काहीच नव्हतं. त्या सकाळी बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं. दोन चपलांच्या रंगवलेल्या आकारांसाठी कुणी रडतं का, पण मला आलं.

अण्णांची दुसरी सवय म्हणजे कुठल्याही गोष्टीला आधी हात लावून पाहायचं. "कागद मागनं बघ," ते म्हणायचे. आमच्या कॉलेजात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कपाटात असायचा आणि परीक्षेच्या दिवशीच बाहेर यायचा. त्यामुळे कंपनीत माझी फजिती व्हायची. एकच पार्ट तीनदा मोजला तर तीन मापं यायची. मशीनवरचा ऑपरेटर हसून म्हणायचा, "मॅडम, पार्ट वाढतोय का?" मी हे अण्णांना सांगितलं. त्यांनी कपाटातून स्वतःचा व्हर्नियर काढला आणि काकू निवडत होत्या त्या मेथीतली एक काडी माझ्या हातात दिली. "मोज." मी मोजली. काडी चिरडली. "दुसरी घे." तीही चिरडली.

"दाबलंस की काडी मोजत न्हाईस तू," अण्णा म्हणाले, "तुझा जोर मोजतीस."

त्या संध्याकाळी निम्मी जुडी वाया गेली आणि काकू दोघांवर चिडल्या. पण शेवटची काडी मोजली तेव्हा तिच्यावर ओरखडाही नव्हता. त्यानंतर माझं माप कंपनीत कधी तीन तऱ्हेचं आलं नाही.

आमच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. अण्णा निवृत्त झाले तरी त्यांचा आठवडा तसाच राहिला. गुरुवारी सकाळी त्यांच्या भाच्याचा दुधाचा पिकअप मोशीत दूध उतरवून परत निघायचा. त्यात बसून अण्णा चाकणच्या पुढे भामा आसखेड धरणावर जायचे, गळ टाकून मासे धरायला. गंमत अशी की गुरुवारी काकूंचा उपवास. त्या दिवशी घरात मासा आणायची सोय नाही. म्हणून जे सापडेल ते अण्णा धरणाकाठी राहणाऱ्या बहिणीच्या घरी देत, नाहीतर पाण्यात सोडून देत. मी एकदा विचारलं, "मग जाता कशाला?"

"मी मासं खायला न्हाई जात, भेटायला जातो. तुमच्याकडं पानीच न्हाई, तुला काय कळनार!"

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं. काठ आणि पाणी यांच्यामध्ये दोनशे पावलांचा चिखल उरतो, वरून तडकलेला आणि आत लोण्यासारखा. त्यावरून सामान न्यायला अण्णांनी एक चिखलगाडी केली होती. निळं प्लॅस्टिकचं पिंप उभं कापून त्याचा अर्धा भाग घेतला, पुढे दोर बांधला. चाकं नाहीत, ती चिखलावरून घसरत यायची. तिच्यात बसायचं स्टूल, डबा, गांडुळांचं डबडं. डाव्या हाताने खांद्यावरून दोर ओढायचा आणि उजव्या हातात तीन गळाच्या काठ्या झेंड्यासारख्या उभ्या धरायच्या, अशी त्यांची स्वारी निघायची.

मग एका हिवाळ्यात अण्णांना लकव्याचा झटका आला. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून बोलणं शाबूत राहिलं, चालणंही हळूहळू परत आलं. पण उजव्या हाताची मूठ वळेना. चहाचा कप डाव्या हाताने धरायचे आणि कुणी पाहत नाही ना याची खात्री करून मगच तोंडाला लावायचे. काकूंनी त्यांचं धरणावर जाणं बंद केलं. चिखलात पडले तर काय, असं त्या विचारत. दर गुरुवारी पिकअपचा हॉर्न वाजला की अण्णा वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरत. पान उलटत नसत.

चैत्रातल्या एका गुरुवारी हॉर्न वाजून गेल्यावर ते खुर्चीतून काकूंना म्हणाले, "तो काळ्या रंगाचा डबा आण. माझ्याभवती बी रंग मार. आता हितनं हालनार थोडाच हाय मी."

संध्याकाळी मला दिव्याजवळ बसवून, मी साक्षीदार असल्यासारखं, काकूंनी अण्णांना अट सांगितली. "काठापास्नं पान्यापर्यंत जायाचं, गळ टाकायचा, आनि परत यायाचं. कुनाचा हात धरायचा न्हाई, कुनाला हाक मारायची न्हाई. मी काठावर बसून बघनार. जमलं तर दर गुरुवारी जावा, मी आडवनार न्हाई. न्हाई जमलं तर पुन्हा विषय काढायचा न्हाई."

"कबूल," अण्णा म्हणाले.

मग प्रश्न काठ्यांचा. एकाच हातात दोर आला की काठ्या धरायच्या कशाने? गाडीत आडव्या टाकून अंगणात ओढून पाहिलं, तर त्या घसरून बाहेर आल्या आणि एकीचं टोक मोडलं. उरलेल्या दोन काठ्या अण्णांनी गाडीच्या कडेला उभ्या टेकवून पाहिल्या. "ह्यांनाबी घर पायजे," ते म्हणाले. "गाडीवरच."

पुढचे आठ दिवस मी कामावरून आले की आम्ही दोघं अंगणात. अण्णा सांगायचे, मी त्यांचा उजवा हात व्हायची. नळकामाच्या पाइपचे दोन तुकडे घ्यायचे, गाडीच्या डाव्या बाजूला पट्ट्यांनी आवळायचे आणि काठीची मूठ त्यात उभी बसवायची, असा बेत. मी मुठीचं माप घेतलं, अण्णांनी डाव्या हाताने पुन्हा घेतलं. पाइप थोडा मोठा होता म्हणून आत रबराचं अस्तर चिकटवलं. खाली झाकण बसवलं. शेवटच्या दिवशी अण्णांनी काठी पाइपवर धरून सोडली. आतली हवा दाबत ती 'फुस्स' करत हळूहळू खाली उतरली आणि थांबली. हलवली तरी जराही वाजेना.

"स्लायडिंग फिट. सरकंल, पन हालनार न्हाई," अण्णा म्हणाले. झटका आल्यानंतर त्यांचा तसा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला. मलाही माझाच अभिमान वाटला.

गुरुवारी आम्ही तिघं पिकअपमधून गेलो. काकू काठावरच्या बाभळीखाली बसल्या. अण्णांनी दोर खांद्यावर घेतला आणि चिखलात उतरले. उजवा पाय जरा ओढत, मध्येच थांबत, पण एकदाही न अडखळता ते पाण्यापाशी पोचले. मी काकूंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते.

अण्णांनी काठीला हात घातला. काठी निघेना. वाटेत उडालेला चिखल पाइपच्या तोंडातून आत गेला होता आणि घट्ट मूठ, बंद तळ, त्यात ओला चिखल, यांनी काठी जणू पाइपला चिकटली होती. त्यांनी जोर लावला, तर काठीबरोबर गाडीच त्यांच्याकडे आली आणि ते मागे चिखलात बसले. मी धावले.

"थांब तितंच!" अण्णा ओरडले.

मी थांबले. गाडीची कड धरून ते आपले आपण उठले. दुसरी काठी ओढून पाहिली. तीही निघाली नाही. मग त्यांनी दोर खांद्यावर घेतला आणि मागे वळले. ती दोनशे पावलं मला फार लांब वाटली. काठावर येऊन काकूंकडे न पाहता ते म्हणाले, "न्हाई जमलं."

काकूंनी पदराने त्यांच्या गालावरचा चिखल पुसला. "चाललात तर चांगलं. पडलात, उठलात बी. पाइप नापास झाला, तुमी न्हाई." मग त्या गाडीजवळ गेल्या, पाइपचं तोंड पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या. "तू गं इंजिनियर? उखळात मुसळ एवढं घट्ट बसवलं आसतं तर आमी कांडलं काय आसतं?"

मी मान खाली घातली. आम्ही दोघांनी एकच चूक केली होती आणि ती चूक मापं घेणाऱ्यांनीच करावी अशी होती. काठीचं माप घेतलं, पाइपचं घेतलं. चिखलाचं कुणी घेतलं नव्हतं.

घरी आल्यावर पाइप ढिला करायचं ठरलं, पण अण्णांचं मन तयार होईना. "खडखड वाजनारं काम मी आयुष्यात केलं न्हाई. ढिलं म्हंजी चुकीचं, हेच शिकवून पोरं तयार केली." दोन दिवस पाइप अंगणात पडून होता. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले, तर अण्णा एकटेच पाइप गुडघ्याखाली दाबून डाव्या हाताने करवत चालवत होते. अस्तर काढून टाकलं होतं. तळाचं झाकण नव्हतं. चिखल खालून गळून जावा म्हणून तळ मोकळा ठेवून फक्त एक आडवा खिळा घातला होता. बाजूने उभी चीर पाडत होते, म्हणजे आत अडकलेलं बोटाने ढकलता यावं. चीर वाकडी गेली होती. मी कानस उचलली.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "चिखलाला कुठं दिसतंय."

त्यांच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. वाकड्या चिरेवरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला आणि दुसरा पाइप घेतला. काठ्या उडून जाऊ नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा वर बांधला, डाव्या हाताच्या एका बोटाने सुटेल असा.

पुढच्या गुरुवारी चिखलावरून दोन काठ्या खडखड वाजत गेल्या. काठापर्यंत आवाज येत होता. पाण्यापाशी अण्णांनी पट्टा सोडला, काठी उपसली आणि गळ फेकला. दूरवर पाण्यात बारीकसं वर्तुळ उठलं. स्टुलावर बसून त्यांनी काठी गुडघ्यांत धरली.

"बसले का?" काकूंनी विचारलं.

"बसले."

"मग आता कशाला बघायचं." काकूंनी पाण्याकडे पाठ केली आणि पिशवीतून गवारीच्या शेंगा काढून मोडायला घेतल्या. तासाभरात एकदाही त्यांनी मान वळवली नाही. अण्णा परत आले तेव्हा बोटाएवढी एक चिलापी मिळून सोडून दिल्याचं त्यांनी तीनदा सांगितलं.

आज माझ्या हाताखाली ट्रेनी आहेत. फार घट्ट मापाचं ड्रॉइंग कुणी पुढे केलं की मी विचारते, "हा पार्ट कुठे चालणार आहे? तिथे धूळ किती, पाणी किती?" मुलं कागदात पाहतात. मी त्यांना शॉपवर, मशीनपाशी घेऊन जाते.

मोशी सोडली ती नाशिकच्या कारखान्यात बदली झाली म्हणून आणि सामानाचा टेम्पो मिळाला तो नेमका गुरुवारचा. आदल्या संध्याकाळी मी भीतभीत अण्णांना सांगितलं. मला वाटलं, उद्या राहतील घरी.

"उद्या मी नसनार," अण्णा म्हणाले. "काकू बी तिच्या भावाकडं चाललीय. किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात दे. पोचलीस की फोन कर, पन सांजच्याला. धरनावर रेंज न्हाई."

काकूंनी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. अण्णांनी माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून झाला तेव्हा दाराला कुलूप होतं. मी किल्ली घेऊन दुकानात गेले. दुकानदार अण्णांच्या आजारपणात रोज विचारपूस करणारा. किल्ली खिळ्याला अडकवत त्याने विचारलं, "अण्णा कुठं गेले?"

"धरणावर."

"कुणाबरोबर?"

"एकटेच," मी म्हणाले, आणि ते सांगताना मला इतका आनंद झाला की टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवेपर्यंत मी तिथेच उभी होते.