मेहुण्याचं बिनतारी गाऱ्हाणं

महाडपासून पोलादपूरपर्यंतच्या खोऱ्यात छापील शब्दावर माझ्या मेहुण्याइतकी श्रद्धा असलेला माणूस झाला नाही, आणि ही श्रद्धा तो कमरेच्या पट्ट्याला अडकवून हिंडत असे. साबण-बिस्किटांच्या एका वितरकाकडे तो विक्रीला होता. दोन हजार सालानंतर केव्हातरी त्याला तिथून तळहातावर मावणारं एक यंत्र आणि जेवणाच्या डब्याएवढा प्रिंटर मिळाला. दुकानात उभ्या उभ्या यंत्रात माल टिपायचा, की कमरेवरचा डबा गुरगुरून पांढरी पट्टी बाहेर टाकी. दोहोंच्या मधे तार नव्हती, आणि माल विकण्यापेक्षा ही नसलेली तार दाखवण्यात मेहुण्याला अधिक रस होता. तो गिऱ्हाइकाला मधून हात फिरवायला लावी. पोलादपुरातल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं हात फिरवला, हुंगून पाहिला आणि "काय लागत नाय" असा निर्वाळा दिला. मेहुण्याला तो विज्ञानाचा विजय वाटला.

पुढे पुढे छापल्याशिवाय त्याला काही सांगताच येईना. मी मुंबईहून महाडला घरी परतताना वीर स्टेशनावर तो मला घ्यायला आला की बोलण्याआधी पट्टी हातात ठेवी. 'भावजी, गाडी उशिरा आली,' असा त्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर असे, कारण यंत्राला देवनागरी येत नव्हती. गाडीतच बसून आलेल्या माणसाला ही बातमी जुनी असे, पण छापील होती. एकदा बायकोला त्यानं आमटीत मीठ कमी असल्याची पट्टी दिली. तिनं त्या पट्टीवरच गरम आमटीचं पातेलं ठेवलं. उचललं तेव्हा कागदावर काळंकुट्ट वर्तुळ होतं आणि तक्रार त्यात बुडालेली. मेहुण्याला त्याचाही अभिमान. "उष्णतेनंच तर छापतं ते, भावजी. शाई लागतच नाही."

माझ्या सासऱ्यांचं घर उमरठच्या अलीकडच्या वाडीत. शिमग्याला देवाची पालखी अंगणात आली की वाडीच्या वतीनं गाऱ्हाणं घालण्याचा, म्हणजे देवाकडे सगळ्यांसाठी मागणं मागण्याचा मान त्यांचा. त्यात प्रत्येक घर, विहीर, रान, मुंबईला गेलेली पोरं असं सगळं क्रमानं येतं. एखाद्या घराचं नाव गळलं, तर वर्षभर तिथं म्हैस आटली तरी दोष आमच्याकडे. त्या वर्षी अर्धांगवायूनं सासऱ्यांची जीभ जड झाली. मुलाला गाऱ्हाणं आलं नाही तर मान भावकीकडे जाणार होता, आणि भावकी पांढरे कपडे इस्त्री करून तयार होती. सासऱ्यांना आजारापेक्षा याचा घोर.

मेहुणा रोज संध्याकाळी स्कूटरवरून वाडीत जाऊन वडिलांच्या तोंडाशी कान लावून बसू लागला. ते अडखळत एक वाक्य सांगत, तो मोठ्यानं म्हणून दाखवी. चुकलं की वडील चांगल्या हातानं मांडीवर चापट मारीत. पुन्हा म्हणायचं. चापट आली नाही की वाक्य यंत्रात. शेवटी सबंध गाऱ्हाणं छापून त्यानं एक प्रत मला दिली आणि म्हणाला, "आता देवाचं कामही बिनतारी." मी ती महाडला कपाटात ठेवली.

पालखी अंगणात टेकली. मेहुण्यानं हातभर लांबीची पट्टी उलगडली, तोच सासूबाईंनी ती काढून घेतली. "देवाच्या कामाची चीज हाय, धूप दाखवल्याबिगर वाचायची नाय." त्यांनी ती धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर धरून भक्तिभावानं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. मेहुण्याच्या हाती परत आलं ते छत्रीचं कापड. यंत्रातून वाचावं, तर आदल्या दिवसापासून वीज नव्हती आणि होती नव्हती ती बॅटरी पालखीच्या स्वागताच्या पट्ट्या छापण्यात संपली होती.

"काय रे, देवाला काळोख वाचून दाखवतोस काय?" भावकीतले एक काका म्हणाले. वाडी हसली.

ओटीवरच्या खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांनी मांडीवर चापट मारली. मेहुणा दचकला, आणि सवयीनं त्याच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं. मग दुसरं. "विहिरीचं पाणी वैशाखापर्यंत राहू दे, मुंबईच्या पोरांना घरची वाट दिसू दे." वाडी हसायची थांबून "होय म्हाराजा" म्हणू लागली. काळी पट्टी त्यानं शेवटपर्यंत डोळ्यांसमोर धरली होती. एकाच घराचं नाव गळलं, भावकीतल्या त्या काकांच्या. ओटीवरून चापट आली, आणि त्यांच्याही म्हशीला दूध मागून झालं. शेवटच्या "होय म्हाराजा"त एक जड, ओढलेला आवाज सगळ्यांच्या मागून आला. सासऱ्यांचा होता. सासूबाई म्हणाल्या, धुपाचा गुण.

सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाऱ्हाणं मेहुणाच घालतो, रिकाम्या हातानं, आणि मधे कधी अडला तर आपल्याच मांडीवर चापट मारतो. कमरेचा डबा केव्हाच गेला. परवा कपाट आवरताना माझी प्रत सापडली. ऊन नाही, धूर नाही, इतकी जपलेली, तरी नुसत्या काळानं अक्षरं उडून पार कोरी झालेली. मेहुण्याला दाखवली. त्यानं ती खिडकीच्या उजेडात बराच वेळ धरली, मग अलगद घडी करून माझ्या हातात दिली.

"ठेवा भावजी," तो म्हणाला. "आता दोन्ही बाजूंनी लिहिता येईल."