आडव्या टाकीतली काठी

नेब्रास्कातल्या एल्डन श्रोडरचा अर्धा जीव शेतात, अर्धा अंगणातल्या त्या आडव्या, गोल डिझेलच्या टाकीत. माणूस सरळ, पण संशयाचा किडा एकदा डोक्यात शिरला की पार टाचेपर्यंत फिरून यायचा. ट्रॅक्टरने गुरांना चारा टाकून झाला की तो टाकीत काठी बुडवायचा. काठीवर त्यानेच सारख्या अंतराने खुणा कोरलेल्या.

टाकी अर्धी होती तोवर ठीक चाललं. डिझेल बुडाकडे गेलं आणि काठी भराभर कोरडी निघू लागली. काम तेच, ट्रॅक्टर तोच. मग राहिला कोण? रस्त्यापलीकडचा मेहुणा, व्हर्जिल. एकमेकांच्या टाकीतून न विचारता भरून न्यायची दोन्ही घरची जुनी रीत.

"व्हर्जिल हल्ली फार शीळ घालतो," एल्डन बायकोला म्हणाला.

"लहानपणापासून घालतो," अर्डिस म्हणाली. "माझ्या भावाला चोर म्हणायचं तर तोंडावर म्हण. मग तो या घरी जेवायला यायचा नाही, आणि तुझ्या ताटात मी वाढायची नाही."

एल्डनने टाकीला कुलूप घातलं. तरी काठी आणखीच झपाट्याने उतरली. म्हणजे पठ्ठ्याने किल्लीही करून घेतली! थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळं घर जेवायला जमतं, तेव्हा सगळ्यांदेखत विचारायचं, असं त्याने ठरवलं.

भाजलेली टर्की कोंबडी आली. क्रॅनबेरीच्या आंबट लाल फळांची जेली गोल डब्यातून निघाली ती डब्याच्याच आकाराची, ताटलीत आडवी. श्रोडरांकडे ती वरून खाली, लांबलचक थर काढत कापतात. सुरी एल्डनच्या हातात.

"दाजी, टाकीला कुलूप दिसलं," व्हर्जिल म्हणाला. "कोंबड्या पळवणारे रॅकून आता डिझेलही प्यायला लागले काय?"

एल्डनने घसा खाकरला आणि पहिला थर त्याच्या ताटात टाकला.

"बघ अर्डिस," व्हर्जिल म्हणाला, "पाहुण्याला वरचा पापुद्रा. मधला रुंद तुकडा स्वतःला. वर म्हणणार, जाडी सारखीच."

"सारखीच आहे," एल्डन म्हणाला, आणि त्याची सुरी थांबली. जेली आडवी. टाकीही आडवी.

त्याने कागदी रुमालावर वर्तुळ काढलं. शाळेतलं आठवत वर्तुळाच्या पाकळीतून त्रिकोण वजा केला. उरला तो बुडाचा खंड. केवढासा! मधल्या खुणेत डिझेल भरपूर, बुडाच्या खुणेत जेमतेम तळ ओला. चोर नव्हताच; ट्रॅक्टरने चारा टाकण्यातच ते संपत होतं.

त्याने मधला थर व्हर्जिलच्या ताटात सरकवला, शेजारी किल्ली ठेवली.

"ही कशाची?"

"कुलपाची. जाताना काढून घेऊन जा. तुझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला लाव."

व्हर्जिल शीळ घालू लागला. अर्डिसने दोघांकडे पाहिलं, आणि एल्डनच्या रिकाम्या ताटात बटाटे वाढले.