हलिवतोय की गं
स्पिरिटचा वास आला की मला सोलापूरच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. माझे वडील, आमचे अण्णा, कुर्डुवाडीला रेल्वेत गँगमन होते. सारा जन्म रुळांच्या कडेनं चालण्यात गेलेला. त्यांच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले, ‘मज्जारज्जूला रक्त कमी पडलं तर पाय जाऊ शकतात. तिथला दाब कमी ठेवायला पाठीत बारीक नळी घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढत राहू.’ ऑपरेशन नीट झालं, शुद्धीवर आल्यावर अण्णांनी दोन्ही पाय हलवले. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला मी आत गेले, तेव्हा सिस्टर नेहमीप्रमाणे म्हणाल्या, ‘आजोबा, पाय हलवा.’ चादर हलली नाही. ‘हलवा ना, अण्णा,’ मी म्हणाले. ‘हलिवतोय की गं,’ ते म्हणाले, ‘दिसंना व्हय तुला?’ सिस्टर धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आल्या. मज्जारज्जूला रक्त पोचावं म्हणून त्यांनी औषधानं रक्तदाब वाढवला, नळीतून आणखी पाणी काढलं. मला बाहेर थांबायला सांगितलं; मी काचेला डोकं टेकवून चादरीखालच्या त्या दोन उंचवट्यांकडे बघत राहिले. मुठीतली ओढणी घामानं भिजली. तासाभरानं डावा अंगठा हलला, मग उजवा. आज अण्णा एकटे स्टेशनपर्यंत चालत जातात. त्यांना त्या दुपारचं काही आठवत नाही, मीही सांगितलेलं नाही. पण ते झोपले की मी हळूच त्यांच्या तळव्याला बोट लावते. ते झोपेतच पाय ओढून घेतात, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडतो.