डाव्या बाहीच्या मागे

माझा मामा टेलर आहे. पस्तीस वर्षं त्याने सुईशी संसार केला, आणि तरीही इंजेक्शनची सुई दिसली की तो पांढराफटक पडतो. "अरे, आपली सुई कापडात जाते, त्यांची माणसात," एवढंच त्याचं म्हणणं. मामी म्हणते, "हे लग्नाआधी कळलं असतं तर मी विचार केला असता."

त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर बोट ठेवलं, तेव्हा मामाने खुर्चीचा हात घट्ट धरला. गोळ्या घेऊनही त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर होती. पुढच्या तीन महिन्यांत ती साडेसातच्या खाली आली नाही, तर इंजेक्शन सुरू.

"रोज?" मामाने विचारलं.

"रोज. स्वतःचं स्वतः घ्यायचं. सोपं असतं."

"कुठे?"

"पोटात."

मामा थोडा वेळ स्वतःच्या पोटाकडे बघत बसला. भरपूर जागा होती, त्यामुळे ती सबबही चालली नसती.

"नको असेल तर चाला," बाई म्हणाल्या. "नदीकाठी एवढी मोठी बाग आहे. लोक लांबून लांबून येतात. तुमच्या दुकानापासून किती लांब पडते?"

"रस्ता ओलांडला की आलीच," मामा चोरासारखा म्हणाला.

खरं तर सगळा दोष मोटारीचा. पूर्वी मामाचं मशीन पायाचं होतं. दिवसभर टाच-चवडा, टाच-चवडा चालायचं आणि माणूस काटक होता. चार वर्षांपूर्वी मशीनला मोटार बसली. तेव्हापासून पाय टेबलाखाली आराम करू लागले आणि पोट टेबलाच्या वर येऊन काम कसं चाललंय ते बघू लागलं.

मी नोकरीसाठी मामाकडे राहतो. मामीने मला त्याच्यावर हेर म्हणून नेमलं. पगार नाही, पण सकाळचा पहिला चहा मला. मामाला दुसरा, बिनसाखरेचा.

बाग खरोखर छान आहे. पुलापासून पंपघरापर्यंत नदीच्या कडेकडेने मातीची रुंद वाट, वाटेवर दिव्याचे खांब, मधे मधे बाकं. उतारावर हिरवळ, तिथे काही लोक हातपाय ताणत असतात, काही नुसतेच पडलेले असतात आणि त्याला शवासन म्हणतात. एका कोपऱ्यात व्यायामाची लोखंडी यंत्रं. जाऊन-येऊन बरोबर चार किलोमीटर.

पहिल्या दिवशी मामा पहिल्या बाकापर्यंत चालला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी त्याला यंत्रांकडे नेलं. त्यातल्या पायडलच्या यंत्रावर तो बसला आणि त्याचे पाय आपोआप टाच-चवडा करू लागले. दोन मिनिटांत त्याचे हातही पुढे आले, कापड सरकवल्यासारखे. मागे रांग लागली होती. एक काका म्हणाले, "झाली का पँट शिवून?" मामा उतरला तो परत कधी चढला नाही.

मग बाकच त्याचं झालं. तिथे बसून तो चालणाऱ्यांना बघायचा. म्हणजे माणसांना नाही, त्यांच्या कपड्यांना. "हा बघ, मागचा खिसा तिरका. आणि त्या बाईंच्या पँटची एक तंगडी अर्धा इंच लांब. कोणी शिवली असेल? हात लागू नये त्याचा कैचीला." एकाही माणसाचा चेहरा तो ओळखायचा नाही, पण मुंढा ओळखायचा. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो भाग. टेलरची सगळी अब्रू तिथे असते, असं मामा म्हणतो.

घरी मामीची उलटतपासणी असायची.

"किती चालले?"

"बरंच," मी म्हणायचो.

"बरंच म्हणजे किती बाकं?"

या बाईपुढे मी हात टेकले. खरं सांगून टाकलं. त्या रात्री मामीने जेवताना एकच वाक्य म्हटलं, "पोटात, हं. रोज." मामाने वाढलेला भात परत ठेवला. पण सकाळी बाक ते बाकच. असा एक महिना गेला. घोडं पेंड खात होतं आणि पुढे दोनच महिने उरले होते.

मग एका सकाळी आमच्या बाकासमोरून एक बाई गेल्या. गेल्या म्हणजे सुटल्या. साठीच्या असतील, अंगात राखाडी जॅकेट, पायाला भिंगरी. मामा अर्धवट उठला.

"पाहिलंस?"

"काय?"

"डावी बाही! अरे, मुंढा सगळा खाली ओढलाय. डाव्या खांद्याची शिवण दीड इंच उतरलीय. आणि कॉलर मात्र सरळ! असं कसं होईल? खांदा चुकला तर कॉलर वाकडी व्हायलाच हवी." तो पुटपुटत चालूही लागला होता. बाई तोवर वळणाआड गेल्या. मामा तिसऱ्या खांबापाशी धाप लागून थांबला. पण बाक मागे राहिलं होतं, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेआधी हजर. 'डावी बाही', मामाने त्यांचं नावच ते ठेवलं, पुलाखालून आल्या आणि मामा मागे लागला. पाच खांब टिकला. आठवड्याने दहा. त्याचा हिशेब साधा होता. शिवण जवळून नीट बघायची, चूक असेल तर सांगायची, आणि दुकानात आणा म्हणायचं, मी फुकट दुरुस्त करतो.

"मामा, तू उलट्या दिशेने चाल ना. समोरून येतील."

"आणि अनोळखी बाईला अडवून म्हणू, तुमची बाही चुकलीय? मार खाईन. शिवाय शिवण पाठीमागे आहे."

"मग मी पळत जाऊन त्यांना थांबवतो."

"काय सांगशील? माझ्या मामाला तुमची पाठ बघायचीय?"

 गंमत अशी, की मामा जितका वेग वाढवी तितक्याच त्या पुढे असत. पंधरा दिवसांत तो पंपघरापर्यंत जाऊ लागला, महिन्याभरात परत येऊ लागला, पण मधलं अंतर चार खांबांचं ते चार खांबांचंच. पट्ट्याला त्याने स्वतःच्या हाताने आतल्या बाजूला नवीन भोक पाडलं. मी मामीला रोज खूश करणारा अहवाल देत होतो. फक्त एक दिवस जीभ घसरली.

"आज काय एवढे लवकर गेले?"

"ती बाई हल्ली लवकर येते," मी म्हणालो.

मामीच्या हातातलं भांडं जागच्या जागी थांबलं. "कोण बाई?"

मी सगळं सांगितलं. बाही, मुंढा, कॉलर. जितकं सांगितलं तितकं ते मलाच खोटं वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी दारात तयार. पायात माझे बूट, पुढे कापूस कोंबलेला. "मलाही दाखवा ती बाही," ती म्हणाली.

डावी बाही पुलाखालून निघाल्या. मामा मागे, मी मामाच्या मागे, मामी माझ्या मागे. पंपघर गाठून परतीला लागलो तोवर हीच रांग होती. मग मामीचा संयम संपला. तिने मला मागे टाकलं. मग मामाला मागे टाकलं. आयुष्यात कधी व्यायाम न केलेली माझी मामी केवळ रागाच्या जोरावर खांबामागून खांब खात पुढे निघाली.

"अगं, थांब! तू काही बोलू नकोस!" मामा ओरडला, आणि पळाला. खरंच पळाला. मी त्याला त्याआधी पळताना पाहिलं नव्हतं. त्याच्या पळण्याला मापच नव्हतं, पण वेग होता. शेवटच्या बाकापाशी तिघे एकदम एका रेषेत आले.

"अहो बाई," मामी धापा टाकत म्हणाली, "हे माझे यजमान. महिनाभर तुमच्या मागे आहेत."

"ठाऊक आहे मला," बाई शांतपणे म्हणाल्या. "पोस्टात होते मी. तीस वर्षं दारोदार टपाल वाटलं. मागे कोणी लागलं की पाय आपोआप उचलतात, तेव्हा कुत्री असायची. यांना बघून मी पण रोज थोडा थोडा वेग वाढवत होते. म्हटलं, बघू तरी कधी गाठतात."

मामाला बोलायला दम नव्हता. त्याने नुसतं बोट दाखवलं. "ताई... ती... डावी बाही..."

"हं, तिचं काय?"

"चुकलीय."

बाई हसल्या आणि वळून सरळ उभ्या राहिल्या. तेव्हा आम्हाला दिसलं. बाही नव्हती उतरलेली, खांदा उतरलेला होता. तीस वर्षं टपालाची पिशवी त्याच खांद्यावर. "तयार कपडे घातले की कॉलर मानेवर चढायची," त्या म्हणाल्या. "मग मीच घरी शिवण उसवली आणि माझ्या खांद्याएवढी खाली घेतली. हातानेच टाके घातलेत. वाईट दिसतंय का?"

मामा पुढे वाकला. मामीकडे एकदा परवानगीसाठी बघितलं, मग शिवणीवरून बोट फिरवलं. बराच वेळ. एकसारखे, बारीक, घट्ट टाके.

"नाही हो," तो म्हणाला. "बरोबर आहे. मीच महिनाभर कापड बघत होतो, आत माणूस आहे हे विसरलो."

"एवढंच होतं होय?" मामी म्हणाली, आणि माझे बूट काढून बाकावर बसली. टाचेला फोड आला होता.

त्यानंतर उरलेला महिना तिघे बरोबरीने चालले. मामी, टपालबाई आणि मामा. माझी हेरगिरी संपली, मी सकाळी झोपू लागलो. मामीने स्वतःच्या मापाचे बूट घेतले. टपालबाई दोघींच्या गप्पांतही वेग सोडत नसत आणि मामाला मधे बोलायला जागाच नसे, म्हणून तो नुसता चालायचा.

तपासणीच्या दिवशी मामा सकाळपासून पाणी पीत होता. रक्त घेताना त्याने डोळे मिटून मामीचा हात धरला. संध्याकाळी रिपोर्ट आला तेव्हा आम्ही तिघे डॉक्टरीणबाईंच्या समोर बसलो होतो. त्यांनी पाकीट उघडलं, वाचलं, परत वाचलं. मामाचे पाय टेबलाखाली टाच-चवडा करू लागले.

"सात पूर्णांक दोन," बाई म्हणाल्या. "इंजेक्शन नको."

मामाने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

"कमाल केलीत. नेमका कोणता व्यायाम केलात? बाकीच्या पेशंटना सांगेन म्हणते."

मामाला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "मी एका बाईंच्या मागे लागलो होतो."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून मामीकडे पाहिलं.

"खरं आहे," मामी म्हणाली. "मग मी ह्यांच्या मागे लागले."

बाईंनी चष्मा परत चढवला. चिठ्ठी ओढली, जुन्या गोळ्या तशाच लिहिल्या आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'आहे तेच चालू ठेवा.' मामीने ती चिठ्ठी मामाच्या हाती लागू न देता आधी स्वतः वाचली, घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

"चला," ती उठत म्हणाली, "डॉक्टरांची परवानगी मिळाली. पण मी बरोबर असतानाच."