चुरचुरणारा साबण
हवा सकाळपासून इतकी कुंद, की मांडणीवरच्या साबणांनाही घाम फुटला होता. साबणवाली एकेक वडी उचलायची, फडक्यानं टिपायची आणि तान्ह्या पोराची कूस बदलावी तशी उलटून ठेवायची. घरच्या साबणाचं असंच असतं. आज ओतला, उद्या कापला, की तो साबणासारखा दिसतो खरा, पण असतो कच्चा. त्याचा जहालपणा जिरायला महिना-सव्वा महिना जातो. एकदा मुरला, की मग अंगाला असा लागतो, की लावला की नाही तेच कळू नये. कातडी ओढत नाही, खाज उठत नाही, भेगा हळूहळू भरून येतात.

हे तिला तिच्याच हातांनी शिकवलं होतं. कितीतरी वर्षं ती लाँड्रीत चादरी धूत होती. तिथल्या पावडरीनं बोटांची सालपटं निघायची, जेवताना घासातलं मीठ बोटांना झोंबून डोळ्यांत पाणी यायचं. कुठल्याच मलमाला दाद न देणारे हात घरी केलेल्या साबणानं वळणावर आले, तेव्हा तिनं लाँड्रीला रामराम ठोकला. पण गल्लीतल्या चार बायकांच्या अंघोळीवर घर चालतं होय? लाँड्रीवाल्याचा निरोप येऊन पडला होता: "यायचं तर आजच्या आज सांग, नाहीतर दुसरी बघतो." आणि आजच पेठेतली पार्लरवाली साबण बघायला यायची होती. तिनं कायमची मागणी दिली तर सुटका, नाहीतर पुन्हा ती पावडर आणि तेच हात.

सासूबाई या साबणाला आजवर शिवल्या नव्हत्या. "वास नाही, फेस नाही. अंघोळ केली की नुसती भिजले, तेच समजत नाही," हे त्यांचं मत. त्यांची दुकानातली गुलाबी वडी बेसिनवर राणीसारखी बसलेली असायची. पण आज सुनेची अब्रू राखायची म्हणून त्यांनी ती पदराखाली लपवली, मांडणीवरची सगळ्यांत देखणी, हिरवीगार वडी हेरली आणि कुणाला न विचारता साबणदाणीत नेऊन ठेवली.

पार्लरवाली आली, चहा प्याली. टोपलीतला मुरलेला साबण तिनं हुंगला, मनगटावर चोळून बघितला. "छान आहे," म्हणाली. भाजीवालीकडची मेथी परत ठेवताना म्हणतात, तसं. मग हात धुवायला आत गेली.

"अगंबाई!"

साबणवाली धावली. हिरवी वडी तिनं बघताक्षणी ओळखली. परवाच ओतलेली! तरी खात्री करावी म्हणून तिनं ती जिभेला टेकवली. कच्चा साबण जिभेला झटका देतो, आणि यानं तर चांगलाच दिला.

"ताई, चाटताय काय?"

"मॅडम, आधी हात पाण्याखाली धरा! कच्चाय हो तो!"

पार्लरवालीनं हात धरले, पण चेहरा खुललेला. "चुरचुरतंय बघा कसं! लाल झालं लगेच. याला म्हणतात गुण. टोपलीतल्यानं तर काहीच होत नाही."

"काही होत नाही, हाच त्याचा गुण, मॅडम."

"गिऱ्हाईक पैसे मोजतं ते काहीतरी होण्याचे. चुरचुरलं की वाटतं, मळ जळाला. मला हाच द्या, दर आठवड्याला."

"दे की गं!" सासूबाई दारातून म्हणाल्या. "वाळवत बसायची कटकटही मिटली."

खरंच मिटली असती. साबणवालीनं क्षणभर मांडणीकडे बघितलं, मग पार्लरवालीच्या बोटांच्या बेचक्यांकडे. लाली तिथंच उठली होती. तिची स्वतःची सालपटं तिथूनच सुरू झाली होती.

"नाही जमायचं, मॅडम. लोकांची कातडी जाईल."

पार्लरवाली खळखळून हसली. "अहो, कातडी घालवायलाच तर येतात माझ्याकडे!" आणि पर्समधलं क्रीम हातांना चोपडत, "विचार करा," म्हणत पायऱ्या उतरून गेली.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "लक्ष्मी टिळा लावायला आली तर तोंड धुवायला जाऊ नये म्हणतात. तू तर लक्ष्मीलाच हात धुवायला धाडलंस!"

"मी धाडलं. साबण कुणी ठेवला?"

"मी तुझं भलं करायला गेले, बाई."

"केलंत ना. तुम्ही ठेवला तोच तर पसंत पडला तिला."

सासूबाईंना हसू आवरेना, आणि हसल्याबद्दल रागही आवरेना. सुनेनं पदर खोचला.

"आई, कोपऱ्यावर जाताय ना? लाँड्रीवाल्याला सांगा, उद्यापासून येते म्हणावं."

"आणि हे मांडणीवरचं लेंढार?"

"त्यांना कुठं घाई आहे? मुरतील."

सासूबाई चपला शोधत बाहेर पडल्या. साबणवालीनं कालचं खरकटलेलं पातेलं नळाखाली घेतलं. साबणाचं पातेलं घासायला वेगळा साबण लागत नाही, एवढं एक बरं असतं. पाणी पडताच फेस वर आला, आणि ती काथ्या घेऊन बुडाला चिकटलेला थर खरवडायला लागली.