ओलेटाच्या पलंगाखालची भिंत

मागच्या वसंतात आमच्या खोऱ्यात कुजबुज सुटली, की वर्लिन स्टॅम्पर बायकोला पुरायला घराखाली खड्डा खणतोय. पोस्टातल्या आयडेलाने तिकिटं फाडता फाडता मला सांगितलं, "मागच्या भिंतीला ताडपत्री लावलीय, आणि आत दिवसभर टाक् टाक्. ओलेटा अजून जिवंत आहे हो!" मी ही बातमी फक्त तिघांना सांगितली. चौथ्याला ती आधीच ठाऊक होती.

वर्लिन जन्माचा गवंडी. असा अबोल, की चर्चमध्ये 'आमेन'सुद्धा मनातल्या मनात म्हणतो. ओलेटाला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत. हसते, टोमणे मारते, फक्त चालत नाही.

खरं काय ते बघावं म्हणून मी बायकोने भाजलेल्या शेंगांचं भांडं घेऊन निघालो. रिकाम्या हाताने चौकशी करणं आमच्याकडे शोभत नाही.

ताडपत्रीआड वर्लिन गुडघ्यांवर बसून जोत्याच्या भिंतीवर छिन्नी चालवत होता.

"जेवण घेऊन आलास की कान घेऊन?"

"दोन्ही."

"भांडं तिथे ठेव. आवाज हळू."

मग त्याने सांगितलं. रविवारी पलंगाशेजारी ओलेटाच्या खुर्चीचं चाक लाकडी जमिनीत दबलं होतं. खाली कुठेतरी पाइप गळत होता आणि तुळया कुजत होत्या. त्याच तुळयांवर तिचा पलंग. घराखाली सरपटत जाण्यापुरती पोकळी होती, पण तिच्यात शिरायला वाट नव्हती.

"गुरुवारी ओलेटाला तपासायला सरकारी नर्स येते," तो म्हणाला. "तिचा पाय तिथे पडला तर ती लिहील, घर राहण्याजोगं नाही. मग ओलेटाला तालुक्याच्या वृद्धाश्रमात नेतील. तिथून कोण परत आलंय?"

तो मंगळवार होता.

ज्या भिंतीवर तुळया टेकत नाहीत तीच त्याने निवडली होती, कोपऱ्यापासून चार फूट सोडून. कटरचा आवाज ओलेटाच्या उशाखालीच घुमला असता, म्हणून सगळं हाताने. आधी वरचा सांधा खरवडून त्यात लोखंडी पट्टी सरकवली, म्हणजे वरचं वजन तिच्यावर यावं. मग एकेक सिमेंटचा ब्लॉक. पहिला निघाला. दुसरा निघाला. तिसरा हलवला, तशी पट्टीच्या टोकापासून एक बारीक भेग पायरी-पायरीने वर चढली आणि आत काहीतरी कुरकुरलं.

वर्लिनने छिन्नी खाली ठेवली.

वरून ओलेटाची हाक आली, "वर्लिन! भिंत बोलली का रे?"

"नाही गं. हा आलाय, तो बोलतोय."

"मग ठीक. त्याला थांबव, भिंतीला झोप लागेल!"

मला हसायला येत होतं, पण वर्लिनचं लक्ष भेगेवर होतं. त्याने खिशातून पेन्सिल काढून भेगेच्या टोकाशी रेघ मारली आणि तिच्याकडे बघत बसला. मीही बसलो. भेगेने रेघ ओलांडली असती तर वरची भिंत ओलेटाच्या उशाशीच खाली बसली असती. आयुष्यात मी इतका वेळ गप्प बसलेलो नाही. अर्धा तास गेला. भेग रेघेशीच होती.

तिसरा ब्लॉक त्याने दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल उचलावं तसा काढला. दिवा घेऊन पोटावर आत सरकला. बराच वेळ फक्त त्याचे बूट दिसत होते, मग तेही गेले. मी वाकून "अरे वर्लिन!" म्हणालो, तर आतून, "बोटाने दाबली तरी तुळई आत जाते."

बुधवारी त्याने तुळयांखाली जॅक लावला, कुजक्या तुळईला नवी जोडली, पाइप बदलला. मी बाहेरून फळ्या ढकलत होतो आणि माझ्या पाठीची तक्रार त्याला ऐकवत होतो. गुरुवारी नर्स पलंगाभोवती दोनदा फिरली आणि 'सर्व ठीक' लिहून गेली.

ती गेल्यावर मी विचारलं, "प्रत्येक घराला खाली शिरायचं दार असतंच. तुझं कुठे गेलं?"

त्याने ताडपत्रीची घडी घालायला घेतली. "जाऊ दे रे."

उत्तर आयडेलानेच मला शोधून दिलं, चर्चच्या कामांच्या वहीतून. ओलेटा इस्पितळात असताना, वर्लिन तिच्याजवळ बसलेला असताना, एका शनिवारी आम्ही सात जणांनी तिच्या खुर्चीसाठी पुढच्या दाराला काँक्रीटचा उतार बांधून भेट दिला होता. घराखाली जायचं एकमेव दार त्या उताराखाली गेलं. भेटीवर घण घालून आमची मनं मोडणं वर्लिनला जमलं नाही, म्हणून त्याने ताडपत्रीआड दुसरं दार पाडलं.